मुलांमधला मल्टिपल स्क्लेरोसिस: लक्षणं कशी टिपायची आणि डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा विशी-तिशीतल्या माणसांचा आजार अशी आपली समजूत असते. पण एमएसच्या दर शंभर रुग्णांमागे साधारण ३ ते ५ जणांचा आजार वयाच्या १८ वर्षांच्या आत सुरू झालेला असतो. त्यातली बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची. दहाच्या आत सुरुवात होणं फार विरळ.

माझी मुलगी या मोजक्या मुलांपैकी एक. निदान होईपर्यंत डोळ्यांचे डॉक्टर झाले, कानाचे झाले, हाडांचे झाले. प्रत्येकाने समोर आलेल्या तक्रारीपुरतं ठीकच सांगितलं. अडचण अशी की वर्षभरातल्या त्या सुट्या तक्रारी एकाच आजाराच्या आहेत, हे त्या एका कागदावर आल्याशिवाय कुणालाच दिसत नाही. तो कागद घरातल्या माणसालाच तयार करावा लागतो. त्यावर काय लिहायचं, काय सोडून द्यायचं आणि तो घेऊन कुणाकडे जायचं, हे इथे क्रमाने सांगते. निदान अर्थातच डॉक्टर करणार. मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ, म्हणजे पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट, गाठता आले तर सर्वात बरं.

१. आजार काय करतो, एवढं आधी समजून घ्या

मेंदू, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच आवरणावर हल्ला करते. सूज जिथे येते तिथलं काम अडतं. डोळ्याच्या नसेत आली तर दिसणं, मज्जारज्जूत आली तर पाय किंवा लघवी. म्हणून दोन मुलांची लक्षणं सहसा सारखी नसतात आणि एकाच मुलाचे दोन अटॅकही एकमेकांसारखे नसतात.

मुलांमध्ये जवळजवळ सगळ्यांचा आजार अटॅक येणं आणि ओसरणं या पद्धतीचा असतो. पहिल्या काही वर्षांत मुलांना मोठ्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळा अटॅक येतात, पण त्यातून ती सावरतात मात्र छान. फसायला होतं ते इथेच. डोळा तीन आठवड्यांत पूर्ववत झाला की घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पुढची तपासणी राहून जाते आणि सहा महिन्यांनी पायाला मुंग्या यायला लागल्या की कुणाला डोळा आठवतही नाही. लक्षण आपोआप गेलं, ही एमएसच्या विरोधातली खूण नाही. उलट आजाराची चालच तशी आहे.

२. अटॅक कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

डॉक्टरांची व्याख्या साधी आहे: नवं लक्षण, किंवा जुन्याचं स्पष्ट वाढणं, जे किमान २४ तास टिकतं आणि ज्यामागे ताप किंवा संसर्ग नाही. आधीच्या अटॅकपासून किमान ३० दिवस झालेले असले तरच तो वेगळा अटॅक धरतात. लक्षण काही तासांत ते काही दिवसांत वाढत जातं, एका पातळीवर थांबतं आणि मग आठवड्यांच्या हिशेबाने उतरतं.

त्यामुळे दोन मिनिटं हाताला मुंग्या आल्या आणि गेल्या, याला अटॅक म्हणत नाहीत. याला एक अपवाद आहे. हात किंवा पाय काही सेकंद आखडून दुखणं, बोलणं क्षणभर अडखळणं असे छोटे झटके दिवसातून अनेकदा आणि सलग काही दिवस येत असतील तर ते नक्की सांगा.

तापात जुनं लक्षण डोकं वर काढतं. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर किंवा मैदानावर पळून आल्यावर एका डोळ्याला धूसर दिसतं आणि शरीर थंड झालं की परत ठीक होतं. हा नवा अटॅक नव्हे. आवरण गेलेल्या नसेला उष्णता सोसत नाही, एवढंच. पण अशी घटना नोंदवून ठेवाच, कारण त्या नसेला आधी कधीतरी इजा झाली असावी, असा इशारा त्यातून मिळतो.

३. लक्षणं जागेप्रमाणे तपासा

मुलं तक्रार करत नाहीत, जुळवून घेतात. एक डोळा मंद झाला तर दुसऱ्याने काम भागवतात, पाय जड झाला तर खेळायला जाणं बंद करतात. विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर येतं. म्हणून काय होतंय हे विचारण्यापेक्षा काय बदललंय हे बघा.

*डोळे.* डोळा फिरवताना दुखणं आणि एक-दोन दिवसांत दिसणं धूसर होत जाणं ही नेहमीची सुरुवात. रंग फिके दिसतात, त्यातही लाल सर्वात आधी. घरी करण्यासारखी गोष्ट अशी: एक डोळा झाकून पेनचं लाल टोपण दाखवा, मग दुसरा डोळा झाकून तेच दाखवा आणि विचारा, दोन्हींनी लाल सारखाच दिसतो का? एकाने विटका किंवा गुलाबट दिसला, किंवा एका डोळ्याने पुस्तकातली ओळ वाचता येत नसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. ही घरगुती चाचणी डॉक्टरांकडे लवकर नेण्यासाठी आहे, न नेण्यासाठी नाही.

इथला एक सापळा नीट लक्षात ठेवा. सूज नसेच्या मागच्या भागात असेल तर डोळ्याचा पडदा तपासताना सगळं नॉर्मल दिसू शकतं. "डोळा चांगला आहे, चष्म्याचा नंबरही नाही" असा निर्वाळा मिळाला आणि तरीही मुलाला दिसत नसेल, तर पुढचा प्रश्न थेट विचारा: "डोळ्याच्या नसेची सूज असू शकते का? न्यूरोलॉजिस्टना दाखवू का?"

*मेंदूचा देठ.* एकाची दोन दिसणं, गरगरणं, उलट्या, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, बोलणं जड होणं. लहान मूल "दोन दिसतात" असं म्हणणार नाही. ते मान एका बाजूला कलती ठेवेल किंवा टीव्ही बघताना एक डोळा मिटून घेईल. एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबतं का, हे पाहून लिहून ठेवा, डॉक्टर हमखास विचारतात. गरगरणं आणि उलट्या पोटाच्या किंवा कानाच्या खात्यावर सहज जमा होतात. सोबत दुहेरी दिसणं किंवा चालताना तोल जाणं असेल तर तिथे थांबू नका.

*छोटा मेंदू.* चाल डुलती होते, हात कापतो, पेला तोंडाशी नेताना सांडतो. शाळेच्या वह्या काढून बघा. अक्षर अमुक आठवड्यापासून बिघडलंय हे वहीवर तारखेसकट सापडतं, आणि असा पुरावा फार कमी लक्षणांचा मिळतो. त्या पानांचे फोटो काढून ठेवा.

*मज्जारज्जू.* पाय जड होणं, जिना चढताना कठड्याला धरावं लागणं, पावलांपासून सुरू होऊन पोटापर्यंत चढणारा बधिरपणा, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी सणक जाते का, हेही विचारा. लघवीबद्दल मुलं लाजतात, मोठी मुलं तर जास्तच. घाई होते का, थांबून राहते का, नव्याने कपडे ओले व्हायला लागलेत का, बद्धकोष्ठ वाढलाय का, हे एकटं गाठून शांतपणे विचारावं लागतं.

*स्पर्श.* बधिरपणा, मुंग्या, जळजळ. यांची दखल सर्वात कमी घेतली जाते, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. परीक्षेच्या दिवसांत आलं तर "टेन्शन", खेळाच्या तासाला आलं तर "नाटक". मुलाला तुम्हीच खोटं ठरवलंत तर पुढचं लक्षण ते तुम्हाला सांगणारच नाही. नुसतं ऐका, तारीख टाका, शरीराच्या चित्रावर त्यालाच जागा रंगवायला लावा.

४. हे दिसलं तर नोंदवहीत वेळ घालवू नका

- लघवी अडकली आहे
- पायांतली शक्ती तासातासाने कमी होते आहे
- एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसणं झपाट्याने जातंय
- मूल गुंगीत आहे, ओळखत नाही, विचित्र वागतंय किंवा झटके (फिट) आलेत
- गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय

थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. कागद मागाहून आणता येतात.

५. अभ्यास, थकवा आणि मन

चालणं-बोलणं व्यवस्थित असूनही एमएस असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना चाचण्यांमध्ये लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग यांत अडचणी आढळतात. मोठ्यांच्या तुलनेत मुलांमध्ये भाषेवरही परिणाम होताना दिसतो: शब्द पटकन न सुचणं, लांब सूचना डोक्यात न राहणं. वाढत्या वयात मेंदूच्या तारा अजून जोडल्या जात असतात आणि हा आजार नेमक्या त्यांच्या आवरणावर येतो.

थकव्याबद्दल तर किती सांगू. हा झोप काढून जाणारा थकवा नसतो. सकाळी ताजं असलेलं मूल दुपारच्या तासांना अक्षरशः रिकामं होतं. आळशी म्हणून त्याची संभावना होते, मग ते स्वतःलाही आळशी समजायला लागतं. उदासपणा आणि चिंता या वयात आधीच असतात, आजारात आणखी वाढतात. झोप, भूक, मित्रांमधून अंग काढून घेणं यांवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना सांगताना "बाकी काही नाही" या सदरात हे विषय ढकलून देऊ नका.

६. वयाप्रमाणे चित्र वेगळं असतं

किशोरवयातला एमएस बराचसा मोठ्यांसारखा दिसतो: एकावेळी एखादंच लक्षण, शुद्ध पूर्ण. या वयात मुलींचं प्रमाण मुलांच्या दोन ते तीन पट असतं. वयात येण्याआधी मुलगे-मुली जवळपास सारखेच असतात.

लहान मुलांमध्ये सुरुवात पुष्कळदा गोंधळात टाकणारी असते: ताप, गुंगी, झटके आणि एकदम तीन-चार जागी बिघाड. हे चित्र एडीईएम या वेगळ्या आजाराचंही असतं, जो बहुतेकदा एकदाच येतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून अशा सुरुवातीवर डॉक्टर लगेच एमएसचा शिक्का मारत नाहीत. किमान तीन महिन्यांनंतर गुंगीशिवाय दुसरा अटॅक आला आणि एमआरआयमध्ये एमएसला साजेसे नवे डाग दिसले, तर मग एमएसचा विचार होतो. या थांबण्याला टाळाटाळ समजू नका. त्या काळात ठरलेल्या तारखेचा पुढचा एमआरआय मात्र चुकवू नका, मूल कितीही ठणठणीत दिसत असलं तरी.

७. "हा एमएसच आहे का?" हे विचारायला संकोचू नका

एमएससारखे दिसणारे आणखी दोन आजार आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. एक एमओजी प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा), ज्याला मॉगॅड म्हणतात. दुसरा अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडांचा, एनएमओएसडी. मायलिनच्या सुजेचा पहिला अटॅक आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या रक्तात एमओजी प्रतिपिंडं सापडतात, त्यामुळे मुलांच्या बाबतीत ही शंका नेहमीच घ्यायची असते. दोन्ही डोळ्यांच्या नसा एकदम सुजणं हे एमएसपेक्षा या आजारांत जास्त दिसतं. आणि एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन आणि फिंगोलिमोड, एनएमओएसडीमध्ये आजार बळावू शकतात. म्हणून औषध सुरू होण्याआधी या दोन्ही तपासण्या झाल्यात का, ते विचारा. एमओजीची तपासणी पेशींवर केलेली, म्हणजे सेल-बेस्ड पद्धतीची असावी, दुसऱ्या पद्धतींमध्ये चुकीचं उत्तर येण्याची शक्यता जास्त.

अटॅक न येता पहिल्यापासून हळूहळू वाढतच जाणारा त्रास मुलांमधल्या एमएसमध्ये जवळपास दिसत नाही. तसं होत असेल तर डॉक्टर जनुकीय किंवा चयापचयाचे आजार शोधतात. जास्त तपासण्या लिहून दिल्या म्हणून वैतागू नका.

८. तपासण्यांना जाताना

मुख्य तपासणी एमआरआय: मेंदूचा आणि संपूर्ण मज्जारज्जूचा, शक्यतो कॉन्ट्रास्टसह, म्हणजे डाग उजळवणारं औषध शिरेतून देऊन. सहसा दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: आजार एकाहून अधिक जागी आहे आणि एकाहून अधिक वेळा आला आहे. २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांप्रमाणे (एमएसच्या निदानाचे ठरलेले नियम, जे नंतर सुधारले गेले) कधीकधी एकाच एमआरआयमध्ये दोन्ही कळतं, कारण ताजे डाग कॉन्ट्रास्टने उजळतात आणि जुने उजळत नाहीत. पाठीतलं पाणी तपासून ऑलिगोक्लोनल बँड (प्रतिपिंडांचे पट्टे) सापडले तर तेही वेळेच्या पुराव्याऐवजी धरता येतात. किशोरवयीन रुग्णांमध्ये हे बँड बहुतेकांत सापडतात, लहान मुलांत कमी. म्हणून "बँड नाहीत" याचा अर्थ वयानुसार बदलतो.

पाठीतलं पाणी काढायच्या दिवशीच रक्ताचा नमुनाही घेतला जातोय ना, ते बघा. बँड रक्तात आहेत की फक्त पाण्यात, ही तुलना केल्याशिवाय अहवालाला फारसा अर्थ नसतो. पाणी काढल्यानंतर काही दिवस उभं राहिल्यावर डोकं दुखू शकतं, मुलाला ते आधीच सांगून ठेवा. लहान मुलाला एमआरआयसाठी झोपेचं औषध लागलं तर उपाशी किती तास ठेवायचं ते लेखी घ्या. मोठ्या मुलांना मशीनच्या ठकठकीचा आवाज मोबाइलवर आदल्या दिवशी ऐकवला तर खूप फरक पडतो.

अटॅकसाठी स्टेरॉइड द्यायचं ठरलं असेल तर रक्ताचे प्रतिपिंडांचे नमुने आणि एमआरआय त्याआधी होऊ शकतात का, एवढंच विचारा. होत नसतील तर त्यासाठी उपचार अडवून धरू नका.

फाइलमध्ये हे हवं:

- तक्रारींचा एका पानाचा तक्ता: तारीख, काय झालं, शरीराची कोणती बाजू, किती दिवस टिकलं, ताप होता का, पूर्ण बरं झालं की थोडं उरलं
- आधीच्या सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, "नॉर्मल" लिहिलेल्यासुद्धा
- एमआरआयची सीडी किंवा पेनड्राइव्ह. नुसता छापील अहवाल पुरत नाही, तज्ज्ञांना चित्रं स्वतः बघायची असतात
- लसीकरणाचं कार्ड आणि कांजिण्या होऊन गेल्यात का, याची माहिती
- चालण्याचे, डोळ्यांच्या हालचालींचे मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ
- अक्षर बिघडलेल्या वहीच्या पानांचे फोटो
- घरात कुणाला एमएस, थायरॉइड, ल्युपस असे प्रतिकारशक्तीचे आजार असतील तर त्यांची यादी
- चालू औषधं, त्यांत आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही

तक्त्यात निदान लिहू नका. "ऑप्टिक न्युरायटिस झाला" यापेक्षा "डाव्या डोळ्याने फळ्यावरचं दिसेना, डोळा फिरवला की दुखे, १९ दिवसांनी ठीक" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी.

९. निदान झालं तर लगेच विचारायचं

अटॅकवर सहसा मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाईनमधून ३ ते ५ दिवस देतात. त्याने मूल लवकर सावरतं, पण पुढचे अटॅक थांबत नाहीत. ते काम वेगळ्या, रोज किंवा ठरावीक अंतराने घ्यायच्या औषधांचं. स्टेरॉइडने बरं वाटलं म्हणून हे दुसरं औषध पुढे ढकलणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वात महागात पडणारा उशीर तोच. मुलांना कायमचं अपंगत्व यायला मोठ्यांपेक्षा जास्त वर्षं लागतात हे खरं, पण सुरुवातच लवकर झालेली असल्याने ते येतं तेव्हा वय तरुणच असतं.

१० वर्षांपुढच्या मुलांसाठी फिंगोलिमोडला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली. २१५ मुलांवर झालेल्या चाचणीत इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅकचं वार्षिक प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी आढळलं होतं. औषध कोणतं हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही विचारायच्या गोष्टी अशा: पहिल्या डोसला रुग्णालयात थांबावं लागेल का (फिंगोलिमोडने ठोके मंदावू शकतात, म्हणून काही तास देखरेख लागते), सुरू करण्याआधी कोणत्या लशी पूर्ण करायच्या, रक्ततपासणी किती दिवसांनी, गोळी चुकली तर काय करायचं, आणि मुलगी असेल तर पुढे गरोदरपणाच्या दृष्टीने या औषधाचं काय. शेवटचा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीसमोर अवघड वाटतो, तरी विचारायचाच. औषध मनाने एकदम बंद करू नका. फिंगोलिमोड अचानक थांबवल्यावर आजार जोरात उलटल्याची उदाहरणं आहेत.

१०. शाळेत काय सांगायचं

वर्गशिक्षकांना एक पान लिहून द्या. त्यात आजाराचा इतिहास नको, फक्त सोयी: लघवीला परवानगी न मागता जाता यावं, उन्हातल्या खेळाऐवजी सावलीत बसण्याची मुभा, दुपारी मान टाकून दहा मिनिटं बसलं तर हटकू नये, परीक्षेला वाढीव वेळ. वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, हे तुमच्या मुलाला ठरवू द्या.

वाढीव वेळेसाठी पुरावा मागतात. त्यासाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग यांची) निदानानंतर अटॅक ओसरला की लवकरच एकदा करून घ्या, मार्क चांगले पडत असले तरी. दोन वर्षांनी गणित जड जायला लागलं, तर तुलना करायला तोच अहवाल हाताशी लागतो.